थांबणे आणि घडणे : एक प्रस्तावना

माणसाच्या अस्थिमज्जेत दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक तांबड्या रक्तपेशी तयार होतात. लहान आतड्याचे अस्तर चार-पाच दिवसांत जवळजवळ सगळे नवे होते. बहुतेक कॅन्सरच्या गाठींना हा वेग गाठता येत नाही. स्तनाच्या किंवा प्रोस्टेटच्या पुष्कळशा गाठी तर वर्षानुवर्षे सावकाश वाढत असतात. तरी आतडे आणि अस्थिमज्जा निरोगी ठरतात, आणि ती संथ गाठ जिवावर उठते. म्हणजे ‘कॅन्सर म्हणजे पेशींची बेसुमार वाढ’ ही शाळेपासून पाठ असलेली व्याख्या अर्धीच आहे. विभागून झालेल्या पेशीचे पुढे काय होते, हा उरलेला अर्धा भाग. तांबडी रक्तपेशी तयार होता होता आपले केंद्रकच टाकून देते, मग तिला पुन्हा विभागता येणे शक्यच नसते. आतड्याच्या अस्तरातली पेशी खोबणीच्या तळाशी जन्मते, वर सरकता सरकता अन्नरस शोषण्याच्या कामाला लागते आणि टोकाशी पोहोचली की गळून पडते. गाठीतली पेशी यातले काही करत नाही. ती अर्धवट घडलेल्या अवस्थेतच राहते आणि त्याच अवस्थेत स्वतःच्या प्रती काढत राहते.

पेशीने ठरावीक रूप आणि ठरावीक काम स्वीकारण्याच्या क्रियेला जीवशास्त्रात विभेदन म्हणतात. विभाजन कुठे थांबवायचे आणि विभेदन कुठे सुरू करायचे, हे ठरवणाऱ्या यंत्रणेत काही प्रथिनांचा वाटा फार मोठा आहे. ती बिघडली की गाठी होतात, म्हणून त्यांना ट्यूमर सप्रेसर हे नाव मिळाले. या पुस्तकाचा विषय ती प्रथिने आहेत. लोकांसाठी लिहिलेल्या बहुतेक पुस्तकांत त्यांना गाडीच्या ब्रेकची उपमा दिलेली असते. मला ती अपुरी वाटते. ब्रेक गाडी थांबवतो, पण थांबलेल्या गाडीचे पुढे काय करायचे हे त्याला ठाऊक नसते. ही प्रथिने पेशीला थांबवतात आणि त्याच वेळी तिचा स्नायू, हाड किंवा रक्तपेशी व्हायला हातभार लावतात. कॅन्सर अडवण्यासाठी म्हणून ती मुळात नाहीतच. शरीर घडवण्याचे आणि घडलेले टिकवण्याचे रोजचे काम ती करतात, आणि ते काम बंद पडले की जे दिसते त्याला आपण कॅन्सर म्हणतो. पुढची सगळी प्रकरणे हे एकच म्हणणे वेगवेगळ्या बाजूंनी तपासतात.

या प्रथिनांचा शोध उशिरा लागला, आणि त्याला कारणही तसेच आहे. जी गोष्ट नसल्यामुळे रोग होतो ती शोधणे अवघड. १९७०च्या दशकात आणि १९८०च्या सुरुवातीला सगळ्यांचे लक्ष ऑन्कोजीनकडे, म्हणजे वाढीला चिथावणाऱ्या जनुकांकडे होते. असे जनुक प्रयोगशाळेतल्या पेशीत घातले की पेशी बिघडलेली दिसते, प्रयोग सोपा आणि निकाल डोळ्यांसमोर. हरवलेले जनुक मात्र बशीत टाकून दाखवता येत नाही. तरी संशय जुना होता. जर्मन जीवशास्त्रज्ञ थिओडोर बोवेरी यांनी समुद्री अर्चिनच्या अंड्यांवर काम करताना गुणसूत्रांची गडबड झाली की पेशींचे काय होते ते पाहिले होते. विभाजनाला आवर घालणारी गुणसूत्रे असावीत आणि ती गमावल्याने गाठी होत असाव्यात, असा तर्क त्यांनी १९१४ साली मांडला. पुरावा येण्यासाठी १९६९ साल उजाडावे लागले. ऑक्सफर्डचे हेन्री हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या कॅन्सर पेशी आणि साध्या पेशी एकमेकींत मिसळून जोडपेशी तयार केल्या. कॅन्सर वरचढ ठरेल अशी सगळ्यांची अपेक्षा होती. झाले उलटेच. जोडपेशी शांत राहिल्या, आणि पुढे वाढताना त्यांतली काही गुणसूत्रे गळून गेली तेव्हाच कॅन्सर परतला. साध्या पेशीकडे असे काहीतरी होते जे कॅन्सर पेशीकडे उरले नव्हते.

ते ‘काहीतरी’ हाती लागले ते लहान मुलांच्या डोळ्यातून. रेटिनोब्लास्टोमा हा दृष्टिपटलाचा कॅन्सर साधारण पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एका मुलाला होतो आणि बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आत दिसतो. पुष्कळदा तो पहिल्यांदा आईवडिलांच्याच लक्षात येतो. फ्लॅश वापरून काढलेल्या फोटोत एका डोळ्याची बाहुली लाल न दिसता पांढरट दिसते. (असे दिसले तर थांबू नये, नेत्रतज्ज्ञाला लगेच दाखवावे. वेळेत सापडला तर हा कॅन्सर बरा होणाऱ्यांपैकी आहे.) काही मुलांना तो दोन्ही डोळ्यांत होतो, लवकर होतो आणि घराण्यात चालत येतो. इतरांना एकाच डोळ्यात, एकच गाठ, थोडी उशिरा. आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ साली ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयातल्या ४८ मुलांच्या नोंदी घेतल्या आणि कोणत्या वयात निदान झाले याचे आलेख काढले. दोन्ही डोळ्यांच्या रोगाचा आलेख असा निघाला की जणू एकच अपघात पुरेसा असावा. एका डोळ्याच्या रोगाचा आलेख दोन अपघात लागत असल्यासारखा होता.

नुडसन यांनी काढलेला अर्थ आज साधा वाटतो, पण तो लावायला धाडस हवे होते. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. घराण्यात रोग असलेल्या मुलाला एक प्रत जन्मतःच बिघडलेली मिळते, शरीरातल्या प्रत्येक पेशीत. दृष्टिपटल घडताना लक्षावधी पेशी विभागल्या जातात. त्यांपैकी एखादीत दुसरी प्रतही बिघडली की गाठ सुरू. इतर मुलांत दोन्ही प्रती एकाच पेशीत एकामागून एक बिघडाव्या लागतात, म्हणून तो रोग विरळा आणि उशिरा. या गणिताची एक बारीक पडताळणी मला फार आवडते. वारशाने बिघाड आलेल्या मुलांत सरासरी तीन गाठी होतात. योगायोगाच्या नियमाप्रमाणे सरासरी तीन असेल, तर शंभरातल्या पाचांना एकही गाठ होणार नाही. आणि खरोखरच अशी माणसे घराण्यांत सापडतात: स्वतः निरोगी, पण त्यांच्या मुलांना रोग. प्रयोगशाळेत न जाता, नोंदवहीतल्या वयांवरून, अजून कोणी न पाहिलेल्या जनुकाचे वर्तन सांगणारे असे काम जीवशास्त्रात दुर्मीळ आहे.

जनुक पुढे १९८६ साली सापडले, तेराव्या गुणसूत्रावर. बॉस्टनचे नेत्रतज्ज्ञ थॅडियस ड्रायजा आणि रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेतले स्टीफन फ्रेंड यांनी ते वेगळे केले. त्यातून बनणारे आरबी हे प्रथिन ९२८ अमिनो आम्लांचे आहे, आणि गंमत म्हणजे डोळ्याशी त्याचे खास असे काही नाते नाही. ते शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असते.

ते काय करते, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण पुस्तकातली निम्मी प्रकरणे त्यावर उभी आहेत. पेशी विभागण्यापूर्वी तिला आपला सगळा डीएनए दुप्पट करावा लागतो. त्यासाठी लागणारी सामग्री बनवणारी जनुके ई२एफ नावाची प्रथिने चालू करतात. आरबी या ई२एफला धरून बसते, शिवाय त्या जनुकांभोवतीचा डीएनए घट्ट गुंडाळून ठेवणारी प्रथिने तिथे बोलावून आणते. बाहेरून वाढीचे संदेश पुरेसे आले, तर पेशीत सायक्लिन-डी साठते. ते सीडीके-४ आणि सीडीके-६ या विकरांना कामाला लावते. ही विकरे आरबीवर फॉस्फेटचे गट चढवतात. फॉस्फेट चढले की आरबीची पकड सुटते, ई२एफ मोकळे होते आणि डीएनए दुप्पट व्हायला लागतो. इथून पुढे बाहेरचे संदेश थांबले तरी पेशी माघार घेत नाही. आर्थर पार्डी यांनी १९७४ साली, आरबीचा पत्ताही नसताना, पेशीच्या आयुष्यात असा परत न फिरण्याचा टप्पा असतो हे दाखवून दिले होते. पेशी त्या टप्प्यापलीकडे जाणार की नाही, हे मुख्यतः आरबीवरच्या फॉस्फेटने ठरते.

एवढ्यावर थांबलो तर आरबी हा नुसता अडसर ठरेल. १९९२ साली तीन स्वतंत्र गटांनी आरबी अजिबात नसलेले उंदीर तयार करून पाहिले. अपेक्षा होती गाठींची. पण ते उंदीर जन्मालाच आले नाहीत, गर्भावस्थेच्या दोन आठवड्यांच्या आसपास मेले. त्यांच्या तांबड्या रक्तपेशी नीट पक्व होत नव्हत्या, चेतापेशी नको तेव्हा विभागायला जाऊन मरत होत्या. म्हणजे आरबी नसेल तर कॅन्सर होण्याइतके शरीरच उभे राहत नाही. स्नायूंत हे आणखी स्पष्ट दिसले. स्नायुपेशी एकदा घडली की वाढीचे कितीही संदेश द्या, ती विभाजनाकडे वळत नाही. आरबी नसलेल्या स्नायुपेशी मात्र संदेश मिळताच पुन्हा डीएनए दुप्पट करू लागतात. दिसायला स्नायू, पण थांबणे ठाऊक नाही. हाडात आरबीचे काम याहून थेट आहे. हाड घडवणारी जनुके चालू करणाऱ्या रन्क्स-२ या प्रथिनाला ते स्वतः जाऊन मदत करते. एका हाताने विभाजनाची जनुके बंद ठेवायची आणि दुसऱ्या हाताने घडणीची जनुके उघडायची, अशी दोन्ही कामे एकाच प्रथिनाकडे. रेटिनोब्लास्टोमातून बऱ्या झालेल्या, वारशाने बिघाड आलेल्या मुलांना पुढे किशोरवयात हाडांच्या कॅन्सरचा धोका बराच जास्त असतो. त्याचा एक धागा इथे लागतो. किरणोपचाराने तो धोका आणखी वाढतो, म्हणून डॉक्टर अशा मुलांत शक्य तिथे किरणोपचार टाळतात.

आतड्याच्या खोबणीतही हीच गोष्ट वेगळ्या प्रथिनाने घडते. तिथे एपीसी हे प्रथिन बीटा-कॅटेनिनचा सतत निकाल लावत असते. बीटा-कॅटेनिन पेशीला खोबणीच्या तळाशी असल्यासारखे, म्हणजे न घडलेल्या अवस्थेत ठेवते. एपीसी गेले की पेशी वर सरकूनही तळाशीच असल्यासारखी वागते. ज्या घराण्यांत एपीसीचा बिघाड चालत येतो, तिथे मोठ्या आतड्यात शेकड्याने पॉलिप होतात.

पी५३ या आणखी एका प्रथिनाची कहाणी निराळी आहे, आणि वैज्ञानिकांच्या दृष्टीने थोडी अवघडल्यासारखी. १९७९ साली डेव्हिड लेन, आर्नल्ड लेव्हिन आणि इतर काही गटांना ते माकडांतल्या एसव्ही४० या विषाणूच्या प्रथिनाला चिकटलेले सापडले. पुढची दहा वर्षे सगळे त्याला ऑन्कोजीन समजत होते, कारण अभ्यासासाठी घेतलेल्या त्याच्या प्रती कॅन्सर पेशींतल्या, म्हणजे आधीच बिघडलेल्या होत्या. १९८९ साली लेव्हिन आणि बर्ट व्होगलस्टाइन यांच्या प्रयोगशाळांनी चित्र उलटवले. धड पी५३ गाठ रोखते. माणसाच्या जवळपास निम्म्या कॅन्सरमध्ये ते बिघडलेले असते.

आरबीशी त्याची तुलना बोलकी आहे. पी५३ नसलेले उंदीर बहुतांशी धडधाकट जन्मतात आणि मग काही महिन्यांत गाठींनी मरतात. म्हणजे घडणीसाठी ते आरबीइतके अटळ नाही. डीएनएला इजा झाली की ते जागे होते. पी२१ हे प्रथिन बनवायला लावून सीडीके विकरांना रोखते, त्यामुळे आरबीवर फॉस्फेट चढत नाही आणि पेशी थांबते. इजा फार असेल तर पेशीला मरायला लावते. एरवी एमडीएम-२ हे प्रथिन पी५३ला बनल्या बनल्या मोडीत काढत असते, आणि ते तसे असावे लागते. एमडीएम-२ नसलेले उंदीर गर्भातच मरतात, पण त्यांच्यातून पी५३ही काढून टाकले तर जगतात. जास्त सावधगिरीही परवडत नाही. २००२ साली अमेरिकेतल्या एका गटाने अतिउत्साही पी५३ असलेल्या उंदरांचे वर्णन केले. त्यांना कॅन्सर कमी झाले, पण ते लवकर म्हातारे झाले. हत्तीने मात्र हा तोल कसा साधला कोण जाणे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या कामानुसार त्याच्याकडे पी५३च्या जनुकाच्या वीस जोड्या आहेत, माणसाकडे एक. एवढे प्रचंड शरीर आणि लांब आयुष्य असूनही हत्तींत कॅन्सर कमी आढळतो.

कोणती प्रथिने महत्त्वाची, हे आपल्याआधी विषाणूंना कळले होते. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसला (एचपीव्ही) स्वतःची वाढ करण्यासाठी अशी पेशी लागते जिची डीएनए दुप्पट करण्याची सामग्री चालू आहे. पण तो वाढतो ते गर्भाशयमुखाच्या अस्तरात, जिथल्या वरच्या पेशी घडून, विभाजन सोडून बसलेल्या असतात. म्हणून तो दोन प्रथिने घेऊन येतो. ई७ आरबीला पकडून ई२एफ मोकळे करते. ई६ पी५३ला मोडीत काढण्याची व्यवस्था करते. बहुतेक बायकांत हा संसर्ग वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातो. जिथे तो ठाण मांडतो तिथे, कित्येक वर्षांनी, कॅन्सर होऊ शकतो.

मराठी वाचकाला हे दूरचे वाटू नये. या विषाणूची तपासणी करून जीव वाचतात का, याचा जगातला एक महत्त्वाचा पुरावा उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातून आला. बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर हा अभ्यास केला. २००९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्हीची एकदाच तपासणी केलेल्या गटात आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले, तपासणी न केलेल्या गटात ६४. त्या दुसऱ्या गटाला तपासणी द्यायला हवी होती की नको, यावर पुढे नैतिक वाद झडला, आणि तो अनाठायी नव्हता असे माझे मत आहे. पण आरबी आणि पी५३ यांच्या रेणूंची भाषा आणि मराठवाड्यातल्या गावांतली तपासणी यांत अंतर किती कमी आहे, ते या अभ्यासाने दाखवले.

तंबाखू आणि तोंडाचा कॅन्सर यांची गोष्ट आणखी जवळची. गालाच्या आतल्या अस्तरात तळच्या पेशी विभागतात, वर येताना चपट्या होतात आणि झडतात. गाल आणि हिरडी यांमधल्या कॅन्सरचा जनुकीय अभ्यास पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची राष्ट्रीय संस्था आणि खारघरचे अ‍ॅक्ट्रेक हे संशोधन केंद्र यांनी मिळून केला आणि २०१३ साली प्रसिद्ध केला. त्यात वारंवार बिघडलेल्या जनुकांत पी५३ होतेच; त्याबरोबर नॉच-१ही होते. या नॉच-१चे मला फार कुतूहल आहे. एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये ते ऑन्कोजीन असते, जास्त चालले की रोग. तोंडाच्या आणि त्वचेच्या अस्तरात मात्र तेच जनुक पेशीला तळ सोडून वर यायला, चपटी व्हायला लावते, आणि बंद पडले की रोग. चांगले जनुक आणि वाईट जनुक अशी विभागणी इथे टिकत नाही. कोणत्या पेशीला काय घडायचे आहे, यावर सगळे अवलंबून. तंबाखू चघळणाऱ्याच्या गालात जे पांढरे चट्टे दिसतात, ते डॉक्टर गांभीर्याने का घेतात, हे समजायला हा धागा उपयोगी पडतो. घडणीचा क्रम तिथे बिघडायला लागलेला असू शकतो.

उपचारांविषयी थोडक्यात. ज्याचे काम जास्त झाले आहे ते प्रथिन औषधाने रोखता येते. जे नाहीच ते परत आणणे कठीण. धड पी५३ विषाणूच्या मार्फत गाठीत पोहोचवणारे औषध चीनने २००३ साली मान्य केले, पण जगभर ते रुजले नाही. वळसा घालून जाणे जास्त फळले. आरबीवर फॉस्फेट चढवणाऱ्या सीडीके-४ आणि ६ यांना रोखणारे पॅल्बोसिक्लिब अमेरिकेत २०१५ साली स्तनाच्या एका प्रकारच्या कॅन्सरसाठी मान्य झाले. गाठीत आरबी शिल्लक असेल तरच ते चालते. आरबीच नसेल तर फॉस्फेट रोखून काय साधणार? घडणीच्या बाजूने मिळालेले यश याहून मोठे आहे. प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया हा रक्ताचा कॅन्सर पूर्वी काही दिवसांत जीव घेई. त्यात दोन जनुके चुकीची जोडली जातात, आणि त्यांतल्या एकाचे प्रथिन, पीएमएल, स्वतःच ट्यूमर सप्रेसर आहे. शांघायचे वांग झेनयी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली दाखवले की अ जीवनसत्त्वापासून बनवलेले एक आम्ल दिले तर या पेशी पक्व होतात, साध्या पांढऱ्या पेशींसारख्या घडतात आणि आयुष्य संपवून जातात. आर्सेनिकच्या जोडीने दिल्यावर आज यातले बहुतेक रुग्ण बरे होतात. कॅन्सर पेशी मारण्यापेक्षा तिला मोठी करणे, ही कल्पना इतक्या स्वच्छपणे इतरत्र कुठे यशस्वी झालेली नाही, आणि तसे का, यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे.

वाचकाने प्रकरणे क्रमानेच वाचावीत असा आग्रह नाही. रसायनशास्त्राचा कंटाळा असेल त्याने फॉस्फेटचे प्रकरण सोडून आतड्याकडे वळावे, फारसे बिघडणार नाही. बारावीच्या विद्यार्थ्याने मात्र उलट करावे. घरात कोणी रुग्ण असेल आणि उपचाराचा निर्णय घ्यायचा असेल, तर हे पुस्तक त्यासाठी नाही. ते बोलणे आपल्या डॉक्टरांशीच व्हावे.

आणि काही प्रश्न उघडे आहेत, ते मी मिटवल्याचा आव आणलेला नाही. सगळ्यांत मला छळणारा प्रश्न आरबीचाच. ते प्रत्येक पेशीत असते, तर वारशाने बिघाड आलेल्या मुलाच्या दृष्टिपटलातच आधी गाठ का? यकृतात का नाही? उंदराला तोच, एका प्रतीतला बिघाड दिला तर त्याच्या डोळ्यात काहीच होत नाही, गाठ होते ती पिट्यूटरी ग्रंथीत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या कामात एक उत्तर पुढे आले. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी घडत असताना, एका टप्प्यावर त्यांच्यात वाढीला अनुकूल अशी प्रथिने आधीच भरपूर असतात. इतर पेशी आरबी गेल्यावर मरतात किंवा थांबतात. या घडत असलेल्या शंकुपेशी मात्र वाढत राहतात. पण हाडात तोच प्रश्न विचारला की उत्तर पुन्हा धूसर होते, आणि उंदराच्या पिट्यूटरीचे काय, ते यातून कळत नाहीच.